केसांना बातमी उशिरा पोचते

१

गल्लीत तिला सगळे कात्रीताई म्हणत. हिची कात्री आणि जीभ एकाच वेगाने चालते, असं शेजारच्या शिंपिणीचं म्हणणं होतं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, डोकं धुवायचं एक बेसिन आणि कोपऱ्यात लांब दांड्याचा झाडू. मधला पडदा सारला की मागे घर सुरू व्हायचं. घरात ती, नवरा आणि सासूबाई. मूल झालं नव्हतं, आणि त्याचं आपल्याला फारसं वाईट वाटत नाही असं दोघंही सांगत.

केस हा तिचा रोजचा धंदा, त्यामुळे केसांचं तिला कौतुक नव्हतं. पण ओळख होती. जमिनीवरची बट पायाने सरकवतानाच तिला कळायचं, की ही बाई घरच्या घरी रंग लावते, हिची झोप होत नाही, ही नुकतीच तापातून उठली आहे. गिऱ्हाइकांना ती हे तोंडावर सांगायची आणि गिऱ्हाइकं हसून पुन्हा तिच्याकडेच यायची.

रोज संध्याकाळी दुकान झाडूनच ती पडदा ओढायची. म्हणून त्या सकाळी, अजून एकही बाई आलेली नसताना झाडूच्या टोकाला केस गुंडाळलेले दिसले तेव्हा तिला आधी स्वतःच्याच झाडण्याची शंका आली. तिने ते सोडवून हातात घेतले. लांब, काळे, सरळ. ती आरशाकडे गेली, आपल्याच डोक्यावरून बोटं फिरवली आणि बोटं भरून आली.

आठवड्याभरात सगळं घर त्यात सापडलं. नवऱ्याच्या डोक्यावर आधीच विमान उतरेल एवढी मोकळी जागा होती; आता कडेची झालरही उशीवर राहू लागली. सासूबाईंचा सुपारीएवढा अंबाडा होता, त्यातल्या पिना आपोआप गळून पडायला लागल्या. हे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत, असं प्रत्येकाला ऐकवायची त्यांची सवय होती. आता त्या म्हणाल्या, पांढरे का असेनात, होते ते बरं होतं.

तिघंही हसले. मग आपापला चहा प्यायले.

२

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना एकदमच आत घेतलं. बाई मोठ्या चौकस होत्या, आणि समजावून सांगायची त्यांना हौसही होती. त्यांनी नवऱ्याला सांगितलं की पुरुषांचं बरंचसं बापजाद्यांकडून येतं, कपाळापासून मागे सरकतं, त्यावर सकाळ-संध्याकाळ लावायचं औषध आहे, गोळ्या आहेत, आणि फारच वाटलं तर मागचे केस मुळासकट काढून पुढे रोवता येतात. नवऱ्याने विचारलं, मग मागे काय रोवायचं? बाई हसल्या. सासूबाईंना त्या म्हणाल्या की उतारवयात केसांची मुळंच दमतात, ताकदीच्या गोळ्या देते, पण गेलेलं सगळं परत येईल असं खोटं सांगत नाही. हलकासा टोप मात्र छान मिळतो. सासूबाईंनी टोपाला मान हलवून नकार दिला. कात्रीताईच्या वयात लोह कमी पडतं, गळ्यातली ग्रंथी बिघडते, बाळंतपणानंतर झपाट्याने जातात. शिवाय स्वतःचंच रक्त काढून, ते फिरवून, डोक्यात टोचायचा एक उपाय आहे. हे सगळं बाईंनी सांगितलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

मग त्यांनी कात्रीताईच्या केसांची एक बट बोटांत धरून हळू ओढली. जवळजवळ सगळी बट हातात आली. त्यांनी ती दिव्याखाली धरून केसांची मुळं पाहिली. नवऱ्याचं आणि सासूबाईंचंही तसंच पाहिलं. तिघांचं झाल्यावर त्यांच्या आवाजातली हौस कमी झाली.

"घरात लहान मूल आहे का?" त्यांनी विचारलं. लहानांच्या डोक्याला चाई पडते, कधी बुरशी लागते, आणि बुरशी असली तर ती घरभर फिरते, म्हणून विचारत होत्या.

"नाही," तिघंही एकदम म्हणाले. एकाच सुरात, पाठ केल्यासारखं. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. कात्रीताईला उगाचच कानकोंडं झालं.

बुरशी नाहीच, बाई म्हणाल्या. हे वय नाही आणि घराणंही नाही. माणसाला मोठा धक्का बसला की केस त्या वेळी जागच्या जागी मरतात, पण डोक्यावरून पडतात साधारण तीन महिन्यांनी. "केसांना बातमी उशिरा पोचते," त्या म्हणाल्या. "तुम्हा तिघांनाही ती एकाच वेळी पोचली आहे. तीन महिन्यांपूर्वी काय झालं?"

कात्रीताईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आईकडे पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली.

"ताप, अपघात, आग? कुणी गेलं का घरातलं?"

"सगळे घरातच आहोत."

बाईंनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी लावायच्या औषधाच्या बाटल्या लिहून दिल्या आणि काळजी करू नका म्हणाल्या. अशा धक्क्याचे केस परत येतात.

३

तीन महिन्यांपूर्वी म्हणजे उन्हाळा संपत आलेला. जेवताना तिघांनी आठवून पाहिलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. त्याला आठवत होतं की तेव्हा दुकानातलं यंत्र बिघडलं होतं. सासूबाईंना त्यांचे गुडघे आठवत होते. कात्रीताईला उकाडा आठवत होता. बाकी काहीच नाही. नवरा म्हणाला, सुखाचे दिवस असेच असतात, लक्षात राहत नाहीत. हे बोलणं सगळ्यांना पटलं आणि विषय संपला.

तिच्या मनातून मात्र तो जाईना. घरच्या पाण्यात काही असेल, नवा साबण असेल, असं तिने स्वतःला बरंच समजावलं. रक्ताचे अहवाल आले, ते तिघांचेही स्वच्छ होते. पाणी तपासून आणलं, तेही स्वच्छ.

शिंपीण दुपारची शिवण घेऊन तिच्या दुकानात येऊन बसायची. तिच्यापाशी सहज गोष्ट निघाली तशी ती म्हणाली, "तेव्हा तू दुकान बंद ठेवलं होतंस ना? कितीतरी दिवस. पडदा ओढलेला असायचा."

"मी? छे."

"अगं, मी जेवण करून आणत होते तुमच्यासाठी. तिघंही भिंतीला टेकून बसलेले असायचात. ताटाकडे बघायचा नाहीत."

"का?"

शिंपिणीने सुईत ओवायला दोरा ओठांत धरला होता, तो तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावर आधी उत्तर होतं. ते कुठे गेलं ते तिलाही कळलं नाही. "का बरं," ती म्हणाली. "कुणी आजारी होतं का? आता बघ, कसं आठवत नाही." मग हसली आणि म्हणाली की हल्ली तिचंही डोकं असंच झालंय, आणि केसही जरा गळतात, तुझ्यासारखे नाही पण नेहमीपेक्षा जास्त. जाताना बघशील का म्हणाली.

कात्रीताईने बघितलं. शिंपिणीचा भांग थोडा रुंदावला होता. शेजारच्या माणसाला बसावा तेवढाच धक्का तिला बसला होता.

४

घरातल्या न्हाणीच्या जाळीत केस तुंबले होते. एरवी ते नवऱ्याने काढायचे, कारण केसांचं काम मी दिवसभर करते असं तिचं म्हणणं असे. त्या दिवशी तिने तो गोळा स्वतः काढला, बेसिनमध्ये शाम्पूने धुतला, पांढऱ्या टॉवेलवर पसरला आणि बारीक कंगव्याने वेगळा करत बसली. लोक लसूण निवडत बसतात, ही केस निवडत बसली.

सासूबाईंचे पांढरे, नवऱ्याचे आखूड आणि करडे, तिचे काळे. तीन ढीग झाले. चौथा होणार नव्हता, पण झाला.

हे केस पिंगट आणि फार मऊ होते. थोडी लाट असलेले, कोपरापासून मनगटापर्यंत भरतील एवढे लांब. तिने एक उचलून बोटांत फिरवला आणि सवयीने त्याचं टोक पाहिलं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, तोडलेल्या दोरीसारखं. आयुष्यात एकदा जरी कात्री लागली तरी ते तसंच राहतं. या केसाचं टोक निमुळतं होत होत दिसेनासं झालं होतं. दुसऱ्याचंही तसंच होतं, आणि तिसऱ्याचंही. इतक्या वर्षांच्या धंद्यात मोठ्या माणसाच्या डोक्यावर असा केस तिने पाहिला नव्हता. याला एकच शब्द होता. जावळ. जन्मापासूनचे, अजून कात्री न लागलेले केस, आणि एवढे वाढायला दोन-तीन वर्षं तरी लागली असणार.

गिऱ्हाइकांचे असतील, तिने मनाशी म्हटलं. पण गिऱ्हाइकं सगळी मोठ्या बायका, आणि त्यांची टोकं तिनेच कापलेली. शिवाय ही घराची न्हाणी, दुकानातली नाही.

नवरा कामावरून आला तेव्हा तिने त्याच्या पिशवीतलं काचा तपासायचं भिंग मागून घेतलं आणि केस त्याच्यापुढे धरला. तो भिंगातून बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"तुझाच असेल," तो म्हणाला.

"माझी टोकं मी कापते."

"मग नजरेचा भाग," तो म्हणाला, आणि भिंग पुसून परत पिशवीत ठेवलं. आयुष्यभर लोकांच्या नजरा दुरुस्त करणारा माणूस तो, त्यामुळे त्याचं तसं म्हणणं तिला विचित्र वाटलं.

आपल्याला आता रडू यायला हवं, असं तिला वाटलं. तिने थोडी वाट पाहिली. दातात औषध टोचल्यावर गाल होतो तशी ती आतून बधिर होती. जागा आपलीच आहे हे कळत होतं, पण हात लावून काही कळत नव्हतं.

५

मग ती घरातल्यांकडे बघायला लागली.

सासूबाई जेवायला बसल्या की पहिला घास उचलून त्यावर फुंकर घालायच्या. मग तो ओठाला लावून बघायच्या, गरम नाही ना याची खात्री करायच्या, आणि हात थोडा डावीकडे, खाली न्यायच्या. तिथे काही नसायचं. हात क्षणभर थांबायचा आणि घास परत ताटात यायचा. हे त्या रोज करत होत्या, आणि कधीपासून करत होत्या ते कात्रीताईला सांगता येईना.

नवरा कपाटाचा खण बंद करायच्या आधी आत हात फिरवून बघायचा, कुणाची बोटं तर नाहीत ना. रस्त्यावरून चालताना त्याचा डावा हात थोडा खाली झुकलेला असायचा आणि तर्जनी बाहेर काढलेली. कुणी ती मुठीत धरून चालावं तशी. फुटपाथ आला की तो हात अंमळ वर उचलला जायचा.

आणि ती स्वतः? स्वतःचं कुणाला दिसतं. पण एकदा दुकानात उकळतं पाणी उतरवताना ती मागे वळून "लांब हो" म्हणाली, आणि गिऱ्हाईक बाईने विचारलं, कुणाला म्हणालात? मांजराला, असं तिने ठोकून दिलं. मांजर त्यांच्याकडे नव्हतं.

घरात कुणीतरी होतं. लहान होतं. ही गोष्ट तिने पहिल्यांदा मनात पूर्ण वाक्यात म्हणून पाहिली तेव्हा ती भांडी घासत होती. तिने हातातलं भांडं पूर्ण घासून पालथं घातलं, मग दुसरं घेतलं. कुणाची तरी आपण आई असू, आणि आपल्याला त्याचं नावसुद्धा येत नाही. एवढी मोठी गोष्ट मनात येऊनही हात चालूच राहिले याची तिला भीती वाटली.

६

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई खूश झाल्या. नवऱ्याच्या कडेच्या झालरीत नवे केस डोकावत होते. कात्रीताईच्या कपाळापाशी बारीक लव आली होती. सासूबाईंच्या डोक्यावर काही नव्हतं, आणि बाईंनी त्यांचा हात थोपटून सांगितलं की आता वयाप्रमाणे एवढंच.

"औषध बंद केलं तर?" कात्रीताईने विचारलं.

बाई म्हणाल्या, औषधाने घाई होते इतकंच, ते न लावताही केस येतीलच. मन धक्क्यातून बाहेर आलं की डोकं आपोआप भरतं, त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

"म्हणजे केस आले की धक्का गेला असं समजायचं?"

"हो. म्हणजे तुम्ही त्यातून बाहेर आलात."

घरी आल्यावर तिने आपली बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. नवऱ्याने आरशासमोर उभं राहून आपली नीट लावली. तो परत येताना दोन्ही हात खिशात घालून चालला होता, हे तिने पाहिलं होतं.

"कुणीतरी होतं आपल्या घरात," ती म्हणाली. "लहान. मला वाटतं आपलं होतं. आणि हे केस आले की आपल्याकडे त्याचं काहीच राहणार नाही."

त्याने बाटलीचं झाकण लावलं. तो रागावेल किंवा हसेल असं तिला वाटलं होतं. तो खुर्चीवर बसला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "परवापरवापर्यंत संध्याकाळी घरी येताना मला घाई व्हायची. का ते कळायचं नाही. पाय आपोआप पळायचे, आणि दार उघडल्यावर छातीत काहीतरी धपकन खाली जायचं. रोज. आता होत नाही. आता मी सावकाश येतो." त्याने बाटली बाजूला ठेवली. "सावकाश यायला बरं वाटतं गं. मला परत घाई लावू नकोस."

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नवे केस बोटांना टोचले. त्याचा राग यायला हवा होता, पण तोही आला नाही.

सासूबाई दारात उभं राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "माझे येणार नाहीत म्हणाली ना ती?"

"नाही म्हणाली, आई."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं समाधान दिसलं.

७

डोक्याला आठवत नसेल तर हातांना आठवेल, असं तिच्या मनात आलं. धंदेवाइकाचे हात असेच असतात. गिऱ्हाइकाचं नाव विसरतात पण भोवरा कुठे आहे ते विसरत नाहीत.

दुपारी शिंपीण गेल्यावर तिने दुकानाचा पडदा ओढला, एप्रन बांधला, रुंद दातांचा कंगवा घेतला आणि रिकाम्या खुर्चीमागे उभी राहिली. हा मूर्खपणा आहे हे तिला कळत होतं. तिने डोळे मिटले आणि हातांना काही सांगितलं नाही.

हात खाली गेले. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या फार खाली. आपण गुडघ्यात वाकलो आहोत हे तिला पाठीवरून कळलं. डावा हात वाटीसारखा झाला आणि एका गालाला, हनुवटीला आधार द्यावा तसा हवेत राहिला. उजव्या हातातला कंगवा वरून खाली आला, पुन्हा आला. बोटांनी मधोमध भांग पाडला. डावीकडचा भोवरा चुकवण्यासाठी भांग किंचित वाकडा घेतला. त्यांना तो भोवरा माहीत होता. केसांचे तीन पेड झाले, एकावर एक चढायला लागले, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तिला फार मोठ्याने ऐकू यायला लागली.

कंगवा अडकला.

तिने ओढला. गुंता होता. हवेतला कंगवा कशाला तरी धरून बसला होता, आणि एप्रनच्या खिशाच्या उंचीवर कुणीतरी दात आवळून श्वास आत ओढला. "स्स."

"झालं हं, झालं," तिचं तोंड म्हणालं. किती सहज म्हणालं. "हालू नकोस."

मग ते दुःख आलं. दारात बोट चेमटावं तसं, एकदम आणि सगळंच्या सगळं. तिने डोळे उघडले.

आरशात ती होती, डोक्यावर विरळ चट्टे असलेली, वाकलेली. समोर खुर्ची होती. खुर्चीच्या गादीवर मधोमध एक खोलगट जागा होती, ओंजळीएवढी. ती बघत असतानाच हळूहळू भरून वर आली आणि गादी सपाट झाली.

कपाळाच्या वर, जिथे लव होती तिथे, तिला खाज सुटली. खाजवेपर्यंत दुःख ओसरलं होतं.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी चिमट्याने नवे केस उपटायला लागली. आरशाजवळ बसून, एकेक. गवत उपटून कधी कुठलं रान मोकळं झालंय? उपटले त्याच्या दुप्पट यायचे. तिने वस्तरा फिरवून पाहिला, तर उलट सगळीकडून सारखे आले. उपटून झालं की ती खुर्चीमागे उभी राहायची, डोळे मिटायची. काही दिवस हात खाली गेले. मग थोडे वरच थांबायला लागले. मग तिला वाकायची आठवण ठेवावी लागायला लागली, आणि आठवण ठेवून वाकलं की हात नुसते हवेत राहायचे.

एक दिवस एक बाई पूर्ण डोक्याला रंग लावून घ्यायला आली आणि सगळी दुपार गेली. दुसऱ्या दिवशीही काहीतरी निघालं. चिमटा ट्रेमध्ये इतर चिमट्यांबरोबर जाऊन पडला.

८

तिचे केस असे आले की शिंपीण म्हणाली, तुझी नजर काढायला हवी. काळे, दाट, आधीपेक्षा चांगले. गिऱ्हाइकं विचारायची काय लावलंत, आणि ती डॉक्टरीणबाईंच्या औषधाचं नाव सांगायची. मधल्या काळात आपण कसल्यातरी नादाला लागलो होतो, हे तिला माहीत होतं. घरात कुणीतरी होतं असं आपल्याला वाटायचं, हेही लक्षात होतं. जुन्या घराचा पत्ता लक्षात असतो तेवढंच. म्हणून पाहिलं तर दुखत नसे. अशक्तपणात माणूस काहीबाही मनात घेतं, असं ती नवऱ्याला म्हणाली. तो हो म्हणाला. तो आता रोज बाहेर मित्रांबरोबर चहा घेऊनच घरी यायचा.

सासूबाईंचं मात्र वय झालं. टक्कल झाकायला त्या डोक्याला रुमाल बांधून बसायच्या आणि दिवसभर खालच्या आवाजात बोलायच्या. घासावर फुंकर घालायच्या, हात खाली न्यायच्या, "थांब, गरम आहे," म्हणायच्या. हल्ली तो घास ताटात परत येत नसे. नवऱ्याने एकदा कात्रीताईकडे बघून हळूच आपल्या कपाळावर बोट टेकवलं, आणि दोघंही हसू दाबत जेवले. विसराळूपणाच्या एका चांगल्या डॉक्टरांची चौकशी करायची ठरली.

त्या सकाळी खुर्चीत एक जुनं गिऱ्हाईक होतं. कात्रीताई तिच्या ओल्या केसांचे भाग पाडत होती आणि मागच्या गल्लीतल्या भाडेकरूंची गोष्ट सांगत होती. गोष्ट रंगात आली होती.

मागून एप्रन खाली ओढला गेला.

खुर्चीच्या पायात अडकला असेल. मागे न बघता तिने एका हाताने तो सोडवून घेतला आणि गोष्ट पुढे चालू ठेवली.

एप्रन पुन्हा ओढला गेला. या वेळी दोनदा, जरा जोरात, आणि मग तसाच ताणलेला राहिला. कापडाला आलेलं ओझं तिला कमरेपाशी कळत होतं. मधल्या पडद्यामागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, बघ की त्याच्याकडे."

"काय म्हणतात त्या?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"काही नाही हो," कात्रीताई म्हणाली. "त्यांचं चालूच असतं."

तिने एप्रनचा घोळ झटकून सोडवला, वर उचलून कमरेला घट्ट खोचला, म्हणजे पुन्हा अडकायला नको, आणि कंगव्याने पुढची बट उचलली.